शुक्रवारी बघते

"मॅडम, पण माझ्या मशिनवर चालतंय."

हे वाक्य बोलणाऱ्याला ऑफिसात चहा मिळू नये, असं माझं पंधरा वर्षांच्या नोकरीनंतरचं ठाम मत आहे. चालतंय ना तुझ्या मशिनवर? मग तुझं मशीनच नेऊन देऊ या गोदामवाल्यांना, रिक्षात घालून. हे मी मनात म्हटलं नाही, मोठ्याने म्हटलं, आणि सगळ्या हॉलला ऐकू गेलं. निनादने कानातले हेडफोन काढले, ऐकलं आणि परत घातले. खतीजा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत माझ्या टेबलापाशी उभी होती.

"मॅडम, ते मी परवा एक..."

"परवाचं राहू दे. आज गुरुवार आहे. मला आज फक्त बिल्ड पास झालेली बघायची आहे."

ती "हो मॅडम" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

नवीन पनवेलला स्टेशनपासून सात मिनिटांवर, एका बँकेच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. माणसं चौदा. उरणजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. कुठला माल आला, कुठल्या रांगेत ठेवला, कुठल्या कंटेनरमधून गेला, याचा हिशोब आमच्या प्रोग्रामने ठेवायचा. आठ जण कोड लिहितात, प्रत्येक जण आपापल्या टेबलावर आपापला तुकडा. मग ते सगळे तुकडे एका वेगळ्या मशिनवर गोळा होतात आणि तिथला एक प्रोग्राम ते जोडून, गोदामात बसवता येईल असं एकच पॅकेज तयार करतो. घरोघरची चिरलेली भाजी आणून एकच पातेलं चुलीवर चढवावं, तसं. त्या चढवण्याला आम्ही बिल्ड म्हणतो. जोडणारा तो प्रोग्राम मी सहा वर्षांपूर्वी एकटीने लिहिला आणि सहा वर्षांत तो एकदाही अडलेला नाही. नव्या माणसाला हे मी पहिल्याच दिवशी सांगते. खतीजालाही सांगितलं होतं.

आणि सोमवारपासून बिल्ड पडत होती. रोज, दर वेळी, त्याच जागी. संदेश एकच: डी ड्राइव्ह, त्यात बिल्ड्स, त्यात आवक, त्यात लेबल, ही फाइल सापडली नाही.

आवक हे काम खतीजाचं. गोदामात येणाऱ्या मालाला लेबल लावायचा तो भाग, सहाशे ओळींचा, तिचं इथलं पहिलं मोठं काम. ते तिने शुक्रवारी संध्याकाळी जमा केलं. शनिवारी दसऱ्याची सुट्टी, रविवारी रविवार, आणि सोमवारी सकाळी बिल्ड आडवी. याला काय ज्योतिषी लागतो? दोन आणि दोन चार.

बरं, वेळ तरी काय साधली! उद्या सकाळी सात वाजता द्रोणागिरीच्या गोदामात नवीन पद्धत सुरू होणार होती. पॅकेज आज पाचपर्यंत त्यांच्याकडे पोचायला हवं होतं. आणि आजच खतीजाचं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत होतं. आमचा मालक निकेश पाच वाजता तिला केबिनमध्ये बोलावणार, आणि एकतर कायम केल्याचं पत्र देणार, नाहीतर ओळखपत्र ठेवून जा म्हणणार. काय करायचं ते माझ्या अहवालावर ठरणार होतं.

मुलगी पनवेलचीच, मोहल्ल्यातली. वडील वीस वर्षं कतारला होते. त्यांच्या हृदयाचं काहीतरी निघालं म्हणून डिसेंबरात ते कायमचे परत येणार होते आणि त्यानंतर घर खतीजाच्या पगारावर चालायचं होतं. हे मला खतीजाने सांगितलं नाही. आमच्याकडे चहा-पाणी बघणाऱ्या कृष्णाबाईंनी सांगितलं. ऐकून वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटलं म्हणून बिल्ड पास होत नाही.

अकरा वाजता मी अहवाल लिहिला. फार विचार करावा लागला नाही. "कामात काळजी दिसत नाही. स्वतःची चूक मान्य करत नाही, मशीनकडे बोट दाखवते. कायम करू नये असं माझं मत आहे." मेल निकेशला गेला. निकेशला सहीचा कागदही लागतो, म्हणून प्रिंट दिली. तेवढ्यात गोदामवाल्यांचा फोन आला. पॅकेज कुठंय, पॅकेज कुठंय. बाहेर जिन्यात उभी राहून वीस मिनिटं त्यांची समजूत काढली आणि ती प्रिंट पार विसरले. प्रिंटर हॉलच्या मध्यभागी आहे, सगळ्यांचा एकच. फोन ठेवून परत आले तर कागद माझ्याच टेबलावर होता, उलटा घातलेला, वर माझा स्टेपलर ठेवलेला. कृष्णाबाईंना असली शिस्त आहे. मी सही केली आणि कागद फाइलला लावला.

मग पुन्हा खतीजाचा कोड उघडला. तिसऱ्यांदा. ओळ न् ओळ. एसी सकाळपासून गळत होता, खाली बादली ठेवली होती, आणि तिच्यात थेंब पडला की माझ्या डोक्यात पडल्यासारखं होत होतं. सहाशे ओळींत मला चूक सापडेना. याचा जास्त संताप येत होता. चूक सापडली असती तर मी तिला बोलावून दाखवली असती, चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. चांगला कोड होता हो. नावं नीट दिलेली, जिथे गरज तिथे टीप लिहिलेली. त्यामुळे तर मी आणखी खोदत बसले. इतका नीटनेटका कोड लिहिणाऱ्याने चूक कुठेतरी खोल पुरलेली असणार, असं मला वाटायला लागलं होतं. चार दिवसांच्या वैतागाने माणूस कुठल्या थराला जातो ते बघा.

दोन वाजता निकेश आला. हातात गाडीची किल्ली, म्हणजे निघायच्या घाईत.

"किशोरी, काय करतेयस? तिचं काम काढून टाक ना. मागचं जुनंच पाठव. नंतर बघू."

"उद्या आवकच सुरू होणारे तिकडे. तेच काढलं तर पाठवायचं काय?"

"निदान बिल्ड तरी पास होईल. मी त्यांना सांगतो काहीतरी."

त्याचंही खोटं नव्हतं. मी आवक बाजूला काढलं आणि बिल्ड लावली. खतीजा आपल्या जागेवरून बघत होती. तिचं सहा महिन्यांचं काम मी एका क्लिकने उचलून ठेवलेलं तिला तिच्या स्क्रीनवर दिसलं असणार.

चार मिनिटांत बिल्ड पडली.

डी ड्राइव्ह, त्यात बिल्ड्स, त्यात बारकोड. ही फाइल सापडली नाही.

मी तो संदेश दोनदा वाचला. बारकोड? बारकोड मी लिहिलंय. तीन वर्षांपूर्वी. त्याला कोणी हातही लावलेला नाही. मग ते काढून बघितलं. आता नाव आलं चलनाचं. ते निनादचं. म्हणजे माझा प्रोग्राम नावांच्या क्रमाने एकेक काम उचलत होता, पहिल्यालाच ठेच लागून थांबत होता आणि पहिलं जे असेल त्याचं नाव सांगत होता. इंग्रजी अक्षरांत आवक सगळ्यांच्या आधी येतं. खतीजाचा गुन्हा एवढाच होता, की तिच्या कामाचं नाव 'ए'ने सुरू होत होतं.

इथे मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. मी लगेच दुसरा माणूस शोधला. कोडमध्ये चूक नाही, माझ्या प्रोग्राममध्ये असणं शक्य नाही, म्हणजे मशीन. आणि मशीन म्हणजे प्रभाकरकाका.

प्रभाकरकाका एकसष्ट वर्षांचे. उरणकडे बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात पस्तीस वर्षं रजिस्टरं लिहून रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून मागच्या वर्षी आमच्याकडे आले. मशिनं बसवणं, पासवर्ड सांभाळणं, गोदामात जाऊन जोडणी करून देणं हे सगळं त्यांच्याकडे. पँट्रीशेजारी एक लहान खोली आहे, पूर्वी तिथे पाण्याचे कॅन असायचे. तिथे बिल्डचं मशीन आणि काका राहतात. मी त्या खोलीत सहा महिन्यांत गेले नव्हते. जायचं कशाला? संदेश माझ्या टेबलावर येतो, त्यात पत्ता असतो, पत्ता बरोबर दिसत होता.

दार ढकललं तर समोर नवीन मशीन. त्याच्यावर वाळलेला झेंडू, आपट्याचं पान, आणि कपाळावर लावावं तसं बटणाच्या वर हळदकुंकू. शनिवारी पूजा करून काकांनी ते सोमवारी सुरू केलं होतं. सोमवारी.

"काका, डी ड्राइव्ह उघडा."

काकांनी डायरी काढली, चष्मा लावला, डायरीत बघून पासवर्ड घातला आणि डी ड्राइव्ह उघडला. आत बिल्ड्स नव्हतं. आत एकच फोल्डर होता. देवनागरीत, ठळक. श्री.

"हे काय आहे?"

"काय म्हणजे? श्री आहे."

"ते दिसतंय मला. इथे कशाला?"

"नवीन वही उघडली की माथ्यावर आधी श्री घालायचं, मग बाकीचं. पस्तीस वर्षं केलंय. मशीन नवीन, म्हणून आधी श्री केला आणि तुमचं सगळं त्याच्या आत ठेवलं. काही हरवलेलं नाही बघा. बिल्ड्स आहे, जुनं बॅकअप आहे..."

मी खुर्ची ओढून बसले.

प्रत्येक फाइलला पत्ता असतो. कुठला ड्राइव्ह, त्यात कुठला फोल्डर, त्यात आणखी कुठला. माझा प्रोग्राम फाइल उचलायच्या आधी हा पत्ता धुऊन घेतो. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या फाइलच्या नावात कसलं तरी विचित्र चिन्ह आलं होतं आणि सगळं अडलं होतं. मी दहा मिनिटांत सात ओळी लिहिल्या. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि तिरकी रेघ सोडून पत्त्यात जे असेल ते फेकून द्यायचं. वर टीप लिहिली: "तात्पुरतं. नीट करायचंय. कि." कि म्हणजे किशोरी. ते तात्पुरतं सहा वर्षं चाललं, कारण सहा वर्षांत कोणी पत्त्यात मराठी अक्षर घातलं नाही.

आता पत्ता होता डी, श्री, बिल्ड्स. माझा प्रोग्राम त्यातलं श्री धुऊन टाकत होता. उरत होतं डी, बिल्ड्स. या मशिनवर तो पत्ताच नव्हता. आणि कहर असा, की संदेशातही तो धुतलेलाच पत्ता छापत होता. म्हणून मला सगळं ठीक दिसत होतं. जुन्या मशिनवर नेमका तोच पत्ता होता ना! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी चार दिवस घालत होते, आणि वाटेत जो भेटेल त्याला चोर ठरवत होते.

तरी जीभ गप्प बसेना. "काका, हे नाव बदला. आत्ताच्या आत्ता. इंग्रजीत करा नाहीतर काढून टाका."

"बदला की. माझं काय जातं?" काका दुखावले होते, पण आवाज चढवणाऱ्यांतले नाहीत. "फक्त मग द्रोणागिरीलाही बदलावं लागेल."

"तिकडे काय?"

"त्यांनी दसऱ्याला नऊ मशिनं नवीन घेतली ना. मीच बसवून आलो. नऊच्या नऊ मशिनांवर आधी श्री, मग बाकीचं."

पॅकेजच्या आतही माझ्या त्याच सात ओळी होत्या. म्हणजे इथलं नाव बदलून बिल्ड पास केली असती, पॅकेज पाचच्या आत पाठवलं असतं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता, आणि उद्या सकाळी सातला नऊच्या नऊ मशिनांवर ते आडवं झालं असतं. ती मशिनं तिन्ही पाळ्यांत चालू असतात. मधेच बाहेरच्या कोणाला हात लावू देत नाहीत.

"मी त्या मुलीलाही विचारलं होतं, बदलू का म्हणून," काका म्हणाले.

"कुठल्या मुलीला?"

"खतीजाला. परवा आली होती ना. अर्धा तास बसली होती इथे, या खुर्चीत. तिनेही हेच उघडायला सांगितलं. फोटो काढून घेतला. मी म्हटलं, पोरी, माझ्या श्रीमुळे अडतंय का काही? तर म्हणाली, नको काका, नाव बरोबर आहे, चूक आमच्याकडे आहे."

"आमच्याकडे म्हणाली?"

"हो. आमच्याकडे."

मी हॉलमध्ये परत आले. माझ्या स्क्रीनच्या कडेला पिवळी चिठ्ठी आहे: रिव्ह्यू फक्त शुक्रवारी. कोणीही काही बदल केला की तो माझ्या नजरेखालून जातो, मी पास म्हटल्याशिवाय आत जात नाही. नवीन मुलं दिवसभर बारीकसारीक पाठवत राहतात, म्हणून मी वारच ठरवून टाकलाय. कोणी "मॅडम, एक छोटंसं पाठवलंय" म्हणत आलं की मी मान वर न करता सांगते, शुक्रवारी बघते.

यादी उघडली. अकरा बदल वाट बघत होते. खालून तिसरा मंगळवारचा, दुपारी बारा चाळीसचा. "पत्ता धुताना देवनागरी अक्षरं गळतात. दुरुस्ती." खाली तिची टीप: "मॅडम, तुमच्या सोयीने बघा. पण बिल्ड यामुळेच पडत असावी असं वाटतंय. फोटो जोडला आहे."

खरं सांगते, मला आधी तिचाच राग आला. तीन दिवस! तोंडाने सांगता येत नव्हतं? माझ्यासमोर उभं राहून, मॅडम तुमचं चुकलंय, एवढं म्हणायला काय झालं होतं? मग एकेक आठवायला लागलं. मंगळवारी जेवणानंतर ती आली होती. मी म्हटलं, शुक्रवारी. बुधवारी सकाळी आली होती. मी म्हटलं, आधी तुझं आवक नीट कर. आज सकाळी "ते मी परवा एक" एवढं म्हणाली, तेवढ्यात मी तिचं तोंड बंद केलं. अजून किती वेळा यायचं होतं तिने?

तीन पंचावन्न झाले होते.

"खतीजा, जरा इकडे ये. खुर्ची घेऊन ये."

ती आली. स्क्रीनवर काय उघडलंय ते तिने पाहिलं आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

"हे तुला परवाच कळलं होतं?"

"हो मॅडम."

"मग स्पष्ट का नाही बोललीस?"

"त्या ओळींवर तुमचं नाव आहे, मॅडम. इतक्या लोकांत कसं सांगणार? म्हणून तिथे लिहिलं. तिथे फक्त तुम्ही वाचता."

तिथे फक्त मी वाचते. वाचते!

घड्याळ पळत होतं. बोलण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी माऊस सरकवला. "करते पास. लगेच बिल्ड लावू, अजून एक तास आहे."

"मॅडम, वाचली का तुम्ही?"

"वाचायला वेळ कुठंय आता? तू केलीयस, चालते ना?"

"मग पास नका करू."

तिचा आवाज बदललेला होता. तिच्याकडे बघितलं तर डोळे भरलेले, पण मान वर होती. सहा महिन्यांत मी तिची मान वर अशी बघितली नव्हती.

"माझ्या सहाशे ओळी तुम्ही तीनदा वाचल्यात, चूक शोधायला," ती म्हणाली. "ह्या अठरा आहेत. एकदा तरी वाचा."

निनादचे हेडफोन पुन्हा गळ्यात आले होते. सकाळी मी बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं होतं, तसं हेही गेलं. मी माऊस सोडला.

वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. तिने माझी धुण्याची पद्धतच काढून टाकली होती. पत्ता जसा आला तसा पुढे द्यायचा, त्यातलं काही फेकायचं नाही, एवढं साधं. खाली तपासणीसाठी पाच पत्ते घातले होते. एकात श्री, एकात दोन शब्दांत मोकळी जागा, एकात उर्दू, एकात सहा वर्षांपूर्वीचं ते विचित्र चिन्ह, आणि एकाच्या सुरुवातीला ७८६.

"हा कशाला? आकडे तर आधीपण चालत होते."

"आधी जे चालत होतं ते मोडलं नाही ना, ते बघायला. अब्बूंच्या लॅपटॉपवर तसा फोल्डर आहे."

चौदाव्या ओळीपाशी मी थांबले. पत्ता रिकामाच आला तर तिचा कोड काही न सांगता पुढे जात होता. मी बोट ठेवलं. तिने वाकून बघितलं, "अरे हो," म्हणाली, आणि तिथेच माझ्या कीबोर्डवर दोन ओळी घातल्या. चार दिवसांत आमच्यात झालेलं ते पहिलं धड बोलणं. वर माझी जुनी टीप तशीच होती. तात्पुरतं, नीट करायचंय.

"हे का ठेवलंस?"

"तुम्ही लिहिलेलं. मी कसं पुसू?"

मी पुसलं. मग पास केलं.

चार वीसला बिल्ड लावली. आवक परत आत, सगळं आत, आणि श्री जिथे होता तिथे. आवकवर अडली नाही. बारकोड गेलं. चलन गेलं. प्रभाकरकाका दारात येऊन उभे राहिले होते, चष्मा हातात घेऊन. एकोणीस मिनिटांनी पास. मी पॅकेज द्रोणागिरीला पाठवलं, त्यांच्या माणसाने एका मशिनवर लगेच बसवून बघितलं आणि फोनवर "ओके, झालं" एवढंच म्हणाला. चार दिवसांनंतर एवढंच.

पाचला दहा कमी असताना मी निकेशच्या केबिनमध्ये गेले. त्याच्या स्क्रीनवर माझा सकाळचा मेल उघडाच होता.

"बिल्ड गेली म्हणे. छान. आता हिला बोलावतो आणि संपवतो."

"तो मेल मी मागे घेतेय. तिला कायम कर."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "अकराला एक लिहितेस, पाचला दुसरं बोलतेस. मी कुठलं खरं धरू?"

"चूक माझ्या कोडमध्ये होती. तिने मंगळवारी शोधली, दुरुस्त करून मला पाठवली. मी उघडलीच नाही. सकाळी ते लिहिलं तेव्हा मी काहीही वाचलेलं नव्हतं."

निकेश काही वाईट माणूस नाही, पण त्याला गोष्टी कागदावर लागतात.

"मग हेच लिही," तो म्हणाला. "सकाळच्या मेललाच उत्तर दे, आणि सगळ्यांना पाठव. सोमवारपासून सगळ्या ऑफिसला माहितीये बिल्ड कोणामुळे पडते ते. आता खरं काय तेपण कळू दे."

मी तिथेच उभी राहून त्याच्या समोर लिहिलं. तीन वाक्यं. चौदा लोकांना. हॉलमध्ये एकामागोमाग एक फोन वाजलेले मला आतपर्यंत ऐकू आले.

खतीजा आत गेली आणि मी टेबलापाशी आले. फाइलमधून सकाळचा सही केलेला कागद काढला, फाडायला. कृष्णाबाई कप उचलत होत्या.

"कृष्णाबाई, सकाळी हा कागद प्रिंटरवरून आणून तुम्हीच ठेवलात ना? बरं केलंत."

"मी नाय ठेवला. मना कुठं वाचता येतंय, कुनाचा कुठला त्यो? त्या पोरीनं ठेवला, खतीजानं. प्रिंटरपाशी हुभी ऱ्हाऊन वाचला आन् मंग तुमच्या टेबलावर आनून ठेवला."

त्या कप घेऊन गेल्या. मी कागद हातात धरून बसले. सकाळी अकरापासून तिला माहीत होतं. मी सगळ्यांसमोर तिचं काम काढून टाकलं तेव्हा माहीत होतं. खुर्ची घेऊन ये म्हटलं तेव्हा माहीत होतं. वाचल्याशिवाय पास करू नका म्हणाली, तेव्हाही.

ती केबिनमधून बाहेर आली. हातात पांढरा लिफाफा होता. निनादने टाळी वाजवली, दोघा-तिघांनी वाजवली. ती हसली, आणि मग माझ्या हातातला कागद तिला दिसला.

"तू वाचला होतास," मी म्हटलं.

"हो मॅडम. सगळा."

"मग उलटा का घातलास?"

"दुसऱ्या कोणी वाचू नये म्हणून," ती म्हणाली. "नंतर तुम्हालाच अवघड झालं असतं."

तिने पर्स उचलली, "येते मॅडम" म्हणाली आणि गेली. पिवळी चिठ्ठी मी त्याच संध्याकाळी काढली. तो कागद मात्र फाडला नाही. माझ्या वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, सुलटा.